भिंतीतली ओल

मिस्त्रींनी भिंतीवर अंगठा दाबला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. त्यांच्या मागे बाराजण ओल्या मातीचे गोळे हातात घेऊन उभे होते. दीड फूट उंचीचा पहिला थर चार दिवसांपूर्वी चढवलेला होता आणि दगडी पायावर तो आता फिकट दिसत होता. त्यावर दुसरा थर घ्यायचा की आणखी थांबायचं, हे मिस्त्रींच्या अंगठ्यावर ठरायचं. पुस्तकात याचं उत्तर नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं.

अंगठ्याला काही कळलं नाही. आठ महिने झाले, दोन्ही हातांची बोटं पेरांपासून टोकापर्यंत बधिर होत चालली होती. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. गोळा घट्ट आहे की सैल, चुना विरलाय की कणी राहिलीय, हे ते आता डोळ्यांनी बघत, नाहीतर समोरच्याला हात लावायला सांगून त्याच्या तोंडाकडे बघत. आजवर निभावलं होतं. त्यांनी थराचा रंग पाहिला. वरून वाळलेला वाटत होता.

"चालेल," ते म्हणाले. "घ्या वर."

टेलरबाई पुढे आल्या, पण त्यांनी गोळा ठेवला नाही. डाव्या हाताचा तळवा भिंतीला टेकवून त्या उभ्या राहिल्या.

"अजून गार लागतेय," त्या हळूच म्हणाल्या. "खालच्या अंगाला जास्त. दोन दिवस ढगच होते ना."

"सकाळी सगळंच गार असतं, टेलरबाई. माणसंसुद्धा. आमच्या वायरमनला नऊच्या आत हात लावून बघा."

पत्र्याच्या शेडखाली पॅनेलच्या खोक्यावर बसून वायरमन चहा पीत होता. सगळे हसले. टेलरबाईही हसल्या आणि त्यांनी हात काढून घेतला.

त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. वीस वर्षं शिवणकाम केलेलं. भावाच्या घरात जिन्याखाली मशीन टाकून ब्लाउज शिवत असत. मातीची घरं बांधायला शिकवणाऱ्या या केंद्रात आल्या तेव्हा त्यांना फावडं धरता येत नव्हतं. पण मातीत हात घातल्यावर दुसऱ्याच दिवशी, किती पाणी लागेल आणि पेंढा किती, हे त्यांना न मोजता कळायला लागलं. मिस्त्रींनी त्यांना पुन्हा पुन्हा करायला लावून पाहिलं होतं. दर वेळी गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की हवा तसा, चार-पाच तुकड्यांत फुटायचा. आठवड्याअखेर ते केंद्र चालवणाऱ्या मॅडमना म्हणाले होते, "असा हात मी चाळीस वर्षांत पाहिला नाही." तेव्हापासून माती मळायचं काम टेलरबाईंकडे होतं.

आणि या वेळचं घर नुसतं शिकण्यापुरतं नव्हतं. आधीच्या तुकड्यांनी बांधलेल्या भिंती शेवटच्या दिवशी पाडून तीच माती पुन्हा भिजत घातली जायची. हे घर मात्र राहणार होतं. एक खोली, मोरी, छपरावर पॅनेल, भिंतीआड बॅटरी, मागे उन्हावर पाणी तापवणारा बंब. यांच्यापैकीच एकजण पुढच्या तुकड्यांना शिकवायला थांबेल आणि त्या घरात राहील, असं मॅडमनी जाहीर केलं होतं. कोण, ते कुणी उघड बोलत नव्हतं. पण पलंग कुठे मावेल हे टेलरबाईंनी दोनदा पावलांनी मोजलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती.

दुपारपर्यंत दुसरा थर पूर्ण झाला. खिडकीची चौकटही बसली. जेवणं आटोपून मंडळी परत आली तेव्हा तुकडीतली चष्मेवाली मध्येच थांबली.

"मिस्त्री, ही भिंत सकाळपेक्षा जाड झालीय का?"

भिंतीचं पोट सुटलं होतं. खालचा थर बाहेर फुगला होता आणि त्यावर केसासारखी एक आडवी भेग पळत चालली होती. मिस्त्री ओरडले, "फळ्या आणा, टेकू द्या." दोघं धावले. फळ्या येईपर्यंत भिंत खाली बसली. फार आवाज झाला नाही. दमलेल्या माणसानं भिंतीला टेकत टेकत बसकण मारावी, तशी ती बसली. चौकट मात्र मोडली. कुणाला लागलं नाही.

मॅडम ऑफिसातून आल्या. मॅडम वयानं लहान, पण कामाला चोख. आधी त्यांनी माणसं मोजली, मग भिंतीकडे पाहिलं.

"काय झालं?"

सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्रींनी वाकून ढिगाऱ्यातली माती उचलली, मुठीत दाबली. आतून ती गडद होती, पाणी सुटेल इतकी. खालच्या थराची होती ती.

"माल पातळ झाला," ते म्हणाले.

आपल्याच तोंडून आलेलं ते वाक्य त्यांनी ऐकलं आणि पुढचं काही सुचण्याआधी मॅडम टेलरबाईंकडे वळल्या होत्या.

"पाणी किती घातलं होतं?"

"रोजच्याइतकंच," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी सांगायचं राहून गेलेल्या माणसाला आठवण करून द्यावी, तसं.

"होतं असं," मिस्त्री म्हणाले. "नवीन हात आहे. कुणी मनाला लावून घेऊ नका."

आवाज त्यांनी समजूतदार काढला होता. टेलरबाईंनी मान खाली घातली आणि पिंपाशी जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी माती चष्मेवालीकडे दिली.

*

भिंत पुन्हा उभी राहिली. या वेळी मिस्त्री प्रत्येक थराला आठ-आठ दिवस थांबले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घाई कशाला?" चष्मेवाली आणि बाकीचे थर चढवत, आणि टेलरबाई वायरमनच्या हाताखाली गेल्या. तिथेही त्यांचं काम नीटनेटकं होतं. वायर सोलताना तांब्याची एक तार तुटायची नाही. दिव्याचं बटण त्यांनी जमिनीपासून दोन फुटांवर बसवायला सांगितलं.

"इतकं खाली?" वायरमननं विचारलं. "घरात काय बुटकी माणसं राहणार आहेत?"

"पडल्या पडल्या हात पोचला पाहिजे," त्या म्हणाल्या.

वायरमननं एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या सांगतील तिथे खूण केली.

बंब जोडून झाला त्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. वायरमन मोठ्यानं समजावत होता, की काळ्या नळ्यांतलं पाणी तापून आपोआप वर टाकीत चढतं, मोटर लागत नाही, आणि टाकीतून घरात जाणाऱ्या तांब्याच्या पाइपला कुणी हात लावू नका, पोळेल. मिस्त्री त्याच वेळी शिडीवरून छपराची कड बघून उतरत होते. उतरता उतरता त्यांनी आधारासाठी पाइप धरला, आणि पाय जमिनीला लागल्यावरही धरूनच ठेवला, कारण चष्मेवालीनं त्यांना पन्हळीबद्दल काहीतरी विचारलं होतं आणि ते उत्तर देत होते.

"मिस्त्री, हात," वायरमन म्हणाला.

त्यांनी हात काढला. तळव्यावर लाल पट्टा उठला होता. बोटांवरची कातडी पांढरी पडली होती.

"चुन्यात हयात गेली," ते हसून म्हणाले. "कातडी कसली, जोड्याचा तळ झालाय."

मंडळी हसली. टेलरबाई हसल्या नाहीत. मातकट पाण्याची बादली जवळच होती. त्यांनी मिस्त्रींना शेडखाली बसवून हात त्यात बुडवायला लावला आणि स्वतः समोर उकिडव्या बसल्या. बाकीचे पुन्हा बंबाकडे वळले. पाणी गढूळ होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

"आत्ता कुठलं बोट धरलंय मी?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

मिस्त्री पाण्याकडे बघत राहिले.

"मधलं," ते म्हणाले.

टेलरबाईंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि त्या उठून गेल्या.

*

शेवटच्या आठवड्यात मॅडमनी मिस्त्रींना आणि वायरमनला ऑफिसात बोलावलं. टेबलावर बारा नावांचा कागद होता.

"मला दोघीच दिसतात," मॅडम म्हणाल्या. "चष्मेवाली आणि टेलरबाई."

"टेलरबाई," वायरमन लगेच म्हणाला. "शिकवण्याची पद्धत आहे त्यांना. ओरडत नाहीत."

"तेच माझ्याही मनात होतं. पण मिस्त्री, राहणारी बाई पुढच्या तुकड्यांना माती मळायला शिकवणार. आणि मातीतच त्यांची चूक झाली. उद्या एखादी भिंत अंगावर आली तर? तुम्हीच सांगा. पहिल्या आठवड्यात तुम्ही त्यांचंच नाव घेत होतात."

पंखा फिरत होता आणि कागदाचं एक टोक वर-खाली होत होतं. मिस्त्रींनी तो हातानं दाबून धरला. पट्टी बांधलेला तळवा कागदावर पडला, एवढं त्यांना दिसलं. सांगायला चार वाक्यं लागली असती. पहिलं वाक्य त्यांनी मनात जुळवलंही. मग त्यांना दिसलं, की ते वाक्य संपल्यावर मॅडम खुर्चीत मागे टेकतील, वायरमन त्यांच्या हातांकडे बघेल, आणि त्यानंतर त्यांना कुणी भिंतीवर अंगठा ठेवायला सांगणार नाही.

"तुम्ही म्हणाल ते," मिस्त्री म्हणाले.

वायरमननं त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं. मॅडमनी कागदावर खूण केली.

नाव वाचून दाखवलं तेव्हा टेलरबाई मागच्या रांगेत होत्या. चष्मेवालीनं तोंडावर हात घेतला. तिला दोन मुली होत्या आणि गेलं वर्षभर ती त्यांना घेऊन बहिणीकडे राहत होती. सगळ्यांत आधी तिच्याजवळ टेलरबाईच गेल्या. बॅटरीत पाणी कधी घालायचं, पॅनेल किती दिवसांनी पुसायचं, हे त्यांनी तिला पुन्हा एकदा समजावून दिलं. मग सगळे घरात जमले आणि धाकट्या मुलीनं बटण दाबलं. ते तिच्याच उंचीला होतं. दिवा लागला. टाळ्या वाजल्या. दिवा लागतो, विझतो, लागतो. मुलगी थांबायला तयार नव्हती.

मिस्त्री दारात उभे होते. टेलरबाई बाहेर पडताना त्यांच्यासमोर क्षणभर थांबल्या. वाट हवी असेल म्हणून ते बाजूला झाले.

*

महिनाभरानं, सुट्टीच्या दिवशी सकाळी, बायको त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती. हे आता रोजचंच झालं होतं.

"कुठं निघालात?"

"टेलरबाईंकडे."

बायकोचे हात थांबले. भिंत पडली त्या दिवसाबद्दल मिस्त्रींनी तिला काही सांगितलं नव्हतं. पण भाजलेल्या हाताची पट्टी तिनंच बदलली होती आणि झोपेत ते काय बडबडतात, तेही तीच ऐकत होती.

"डॉक्टरांनी हातांचं सांगितलं तेव्हाच केंद्रात बोलला असतात तर?" ती म्हणाली.

"काय बोलू? चाळीस वर्षं यांच्यावरच जगलो," मिस्त्री म्हणाले आणि दोन्ही हात त्यांनी तिच्यापुढे धरले, बाजारातून चुकीची वस्तू आणल्यासारखे.

तिनं गळ्याजवळचं शेवटचं बटण लावलं.

"जा," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा तिला जास्त जड जात असेल."

भावाचं घर तिसऱ्या गल्लीत होतं. भावजयीनं दार उघडलं, "वन्सं, तुमच्याकडे आलंय कुणीतरी," म्हणून हाक मारली आणि ती आत निघून गेली. जिन्याखालच्या जागेत एक मशीन, कापडांचे गठ्ठे आणि त्याला लागून एक अरुंद पलंग होता. पलंगावर म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. टेलरबाईंनी स्टुलावरचे कपडे उचलून मिस्त्रींना बसायला जागा केली आणि पुन्हा मशीनवर बसल्या.

"हात कसा आहे?"

"भरला."

त्यांनी मान हलवली. बाही मशीनखाली सरकवली, पण पाय हलवला नाही.

"टेलरबाई," मिस्त्री म्हणाले, "माल पातळ नव्हता."

"माहीत आहे."

"खालचा थर ओला होता. तुम्ही सांगितलंत. मला कळलं नाही. मला आता कळतच नाही काही, या हातांना."

"तेही माहीत आहे." त्या बाहीवरची चुणी बोटानं सरळ करत होत्या. "त्या दिवशी बादलीत मी तुमचं बोट धरलंच नव्हतं."

वरच्या जिन्यावरून कुणीतरी धडधडत खाली उतरलं आणि जिन्याच्या फटीतून थोडी धूळ कापडांवर पडली. टेलरबाईंनी ती सवयीनं झटकली.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मॅडमना सांगायचं होतंत. नाव वाचलं त्याआधी सांगायचं होतंत," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," त्या म्हणाल्या.

शिव्या खायची तयारी करून ते आले होते. रस्ताभर त्यांनी उत्तरंही ठरवली होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"उद्या मॅडमना सगळं सांगतो," ते म्हणाले. "घर तुमचं आहे."

"घरात दोन लेकरं राहतात. त्यांना बाहेर काढायला सांगणार आहात का?"

"दुसरं काहीतरी करता येईल. पुढच्या तुकडीत तुम्ही..."

"मिस्त्री," त्या मध्येच म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "भिंत पडली त्या दिवसापासून पिठात पाणी घालताना माझा हात थांबतो. मला माहीत आहे मी बरोबर होते. तरी थांबतो. वहिनी हसतात." त्यांनी सुईत दोरा ओवला, तो पहिल्या झटक्यात गेला नाही, दुसऱ्यांदा गेला. "मॅडमना सांगा. माझ्यासाठी नको. पुढची भिंत कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून सांगा."

मिस्त्रींनी मान डोलावली. उठायला म्हणून ते स्टुलाच्या कडेला सरकले.

पलंगावर हालचाल झाली. म्हातारीनं मोठ्या कष्टानं कूस वळवली. तिचे डोळे पांढुरके झाले होते, तरी कुणीतरी परकं बसलंय हे तिला समजलं.

"कोण आलंय गं?"

टेलरबाई मशीनवर वाकल्या.

"मी मिस्त्री, मावशी. केंद्रातला."

"अगंबाई, मिस्त्री का?" म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं उठून बसायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "बरं झालं आलात. ही रोज तुमचं नाव घेते. मी हिला म्हणते, एवढे दिवस लागतात का गं घराला? तर म्हणते, आई, मातीची भिंत आहे, मिस्त्री सांगतील तेव्हाच जायचं." पलंगाच्या पायथ्याशी एक बोचकं बांधून ठेवलेलं होतं, वर घडी केलेली चादर, त्यावर एक पितळी तांब्या. "माझं सगळं बांधून तयार आहे. इथं जिन्याचा आवाज फार होतो. वाळली का भिंत?"

मिस्त्रींनी टेलरबाईंकडे पाहिलं. त्या मशीनवर वाकल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण चाकावर ठेवलेला त्यांचा हात थांबलेला होता.

"नाही, मावशी," मिस्त्री म्हणाले. "वरून वाळल्यासारखी दिसते. आत अजून ओल आहे."

"घाई नको करायला."

"नाही. घाई करून चालत नाही."

"मला कसली घाई," म्हातारी म्हणाली. ती थोडा वेळ वरच्या जिन्याच्या फळ्यांकडे बघत राहिली. मग पुन्हा तिनं मान वळवली.

"तुम्ही स्वतः हात लावून बघितलंत ना?"

"बघितलं," मिस्त्री म्हणाले.